जाळ्यात अडकल्यावर कापायला काय न्यावं? खाऱ्या पाण्यात न गंजणारं पातं हवंय

खारावारा:
मालवण-तारकर्ली पट्ट्यात डायव्हिंग असतं. खडकांवर तुटक्या जाळ्यांचे तुकडे आणि गळाचा तंगूस (नायलॉनचा धागा) भरपूर. सध्या पोटरीला बांधायचा 12 सेंटीमीटर पात्याचा चाकू आहे, पेटीवर '420 स्टेनलेस' लिहिलंय. गोड्या पाण्यात बुचकळून म्यानात ठेवतो, तरी पंधरवड्यात पात्याच्या मुळाशी तांबूस ठिपके येतात आणि बाहेर काढताना तो अडकतो. टायटॅनियम घेतलं की प्रश्न मिटेल का? की लाइन कटर (खाचेत पातं बसवलेलं छोटं हत्यार) पुरे? बजेट आहे, पण एकदाच नीट घ्यायचंय.

लोखंडपोलाद:
आधी गंजाचं बघू. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असतं. ते हा थर एखाद्या ठिकाणी फोडतं आणि तिथून खड्डा आत उतरत जातो. थर पुन्हा बसायला ऑक्सिजन लागतो आणि ओल्या म्यानात नेमका तोच कमी. तुमचे ठिपके पात्याच्या मुळाशीच येतात ते यामुळे. निम्मा दोष म्यानाचा आहे.

आता पोलादांबद्दल. धार टिकायला कडकपणा हवा, त्यासाठी कार्बन घालून पोलादाला पाणी द्यावं लागतं, म्हणजे तापवून झटकन थंड करावं लागतं. पण कार्बन क्रोमियमला स्वतःशी बांधून घेतो आणि थरासाठी क्रोमियम कमी उरतं. 440सी मध्ये 16 ते 18 टक्के क्रोमियम असूनही खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात ते म्हणूनच: त्यात कार्बन जवळजवळ 1 टक्का. 420 मध्ये कार्बन कमी, म्हणून गंजतं कमी, पण बोथट लवकर होतं. 316 तुमच्या डी-रिंगला (पट्ट्यावरच्या कडीला) उत्तम, पात्याला निरुपयोगी, कारण त्याला पाणी देऊन कडक करताच येत नाही.

टायटॅनियम समुद्रात गंजत नाही, हे खरं. पण नेहमीचं 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियमचं मिश्रण चांगल्या चाकूच्या पोलादापेक्षा बरंच मऊ असतं. साधी धार लवकर जाते. घ्यायचं तर दातेरी धारेचं घ्या, दात बोथटले तरी दोरी फाडतात. आणि 'टायटॅनियम कोटेड' म्हणजे टायटॅनियम नव्हे. आत तेच 420 असतं; एकदा धार लावली की कडेचा मुलामा जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. दुकानात चुंबक लावून बघा, चिकटलं तर पातं टायटॅनियमचं नाही.

गंज आणि धार दोन्ही सांभाळायचं असेल तर नायट्रोजनयुक्त पोलाद बघा: एलसी200एन. यात कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजन करतो, त्यामुळे क्रोमियम मोकळं राहतं. महाग आहे, पण समुद्रात ती किंमत वसूल होते.

गोडंपाणी:
वरचं सगळं बरोबर, पण निवड गंजावरून करू नका. तुम्हाला धरून ठेवणार काय, त्यावरून करा.

तंगूस सैल असला की चाकूपुढे नुसता सरकतो. चाकूला ताण हवा, म्हणजे दोन हात हवेत, आणि एक हात आधीच अडकलेला असू शकतो. लाइन कटरच्या खाचेत धागा आपोआप बसतो, नुसतं ओढलं की तुटतो. त्याची मर्यादा म्हणजे खाचेत शिरेल तेवढंच कापतं, जाड दोर बाहेरच राहतो. स्वस्त कटरमध्ये दाढीच्या ब्लेडसारखं साधं पातं असतं. ते दिसायला गंजण्याआधीच बोथट होतं, कारण धारेची कड इतकी पातळ की किंचित गंजही ती खाऊन टाकतो.

ट्रॉमा शिअर्सला (जखमीचे कपडे कापायच्या बोथट टोकाच्या कात्रीला) ताण लागतच नाही. सैल जाळं, जाड दोरी, आणि सुरमईच्या गळाची पातळ तारही कापते. तार मात्र टोकाने कापू नका, पाती फाकतात. रिव्हेटच्या जवळ, आत घेऊन दाबा. सर्जिकलच्या दुकानात स्वस्त मिळते. गंज आधी रिव्हेटला धरतो आणि कात्री घट्ट होते. दरवर्षी बदला, जीव लावू नका.

माझं मत: एक लाइन कटर, एक शिअर्स. चाकू हवाच तर आखूड आणि बोथट टोकाचा, म्हणजे घाईत स्वतःचं बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट) फाडणार नाही.

खारावारा:
धन्यवाद. मग पोटरीवरचा काढू? आणि धुण्यात कुठे चुकतंय?

गोडंपाणी:
काढाच. पाय अडकला तर तिथे हात पोचत नाही, शिवाय मूठ स्वतःच जाळ्यात गुंतते. एक हत्यार डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर, दुसरं कमरेला उजवीकडे. दोन्ही कुठल्याही हाताने निघाली पाहिजेत. हातमोजे घालून, डोळे मिटून, घरी दहा वेळा काढून बघा.

अडकलात तर गरकन वळू नका, वळलं की जाळं अंगाभोवती गुंडाळतं. थांबा, श्वास लावा, बडीला (जोडीदार डायव्हरला) खूण करा, ताण सैल होईल इतकंच मागे सरका. हाताने चाचपून धागा ओळखा. बीसीडीची किंवा रेग्युलेटरची (तोंडात धरून श्वास घ्यायच्या यंत्राची) नळी त्याच्या शेजारीच असते, तेव्हा ओळख पटल्याशिवाय कापू नका. टाकीच्या व्हॉल्व्हला मागून अडकलं तर ते बडीचं काम. एकटेच सापडलात तर बीसीडी उतरवायचं ते शेवटी: रेग्युलेटर तोंडात घट्ट, आणि एक हात पट्ट्यातून काढायचाच नाही. वजनं बीसीडीतच असली तर ते खाली ओढेल आणि तुम्ही वर फेकले जाल.

लोखंडपोलाद:
धुण्याबद्दल. नुसतं बुचकळून चालत नाही, मीठ फटीत राहतं. पातं म्यानाबाहेर काढून दोन्ही अर्धा तास गोड्या पाण्यात ठेवा. शिअर्स पूर्ण उघडी. मग जुन्या टूथब्रशने मूठ आणि रिव्हेट घासा, पुसा, सावलीत कोरडं करा. रिव्हेटवर खनिज तेलाचा एक थेंब, पात्यावर अगदी पुसट हात. म्यान वेगळं वाळवा.

आलेले ठिपके लोखंडी काथ्याने खरवडू नका. त्याचे कण पात्यात रुततात आणि नवा गंज तिथेच धरतो. नायलॉनचा खरखरीत स्क्रबर पुरे. क्लोरीनचं ब्लीच तर लांबच ठेवा, त्यातल्या हायपोक्लोराइटनेही पात्यावर खड्डे पडतात.

दर दहा डायव्हनंतर तंगूसचा तुकडा आणि 6 मिलिमीटरची दोरी बादलीत, पाण्याखाली कापून बघा. दुसरा झटका लागला की पातं बदला.

किनारकर:
एक भर. बोयाला (तरंगत्या खुणेला) बांधलेलं, चालू जाळं असेल तर अडकलेला धागाच कापा, मुख्य दोर नको. कुणाचं तरी पोट त्यावर आहे. वर आल्यावर होडीवाल्याला जागा सांगा. तुटकं, सोडून दिलेलं जाळं मात्र जमेल तेवढंच, बडीसोबत आणि हवा पुरेशी असताना काढा. कापलेले तुकडे पिशवीत घाला, पाण्यात सोडलेत तर पुढच्या लाटेला तुमच्याच फिन्समध्ये येतील. आणि विमानाने जाताना ही सगळी हत्यारं चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये चालत नाहीत.