रूट कॅनल झालं, कॅप दिवाळीनंतर चालेल का?

प्रश्न (कोथरूड, पुणे): आईच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल झालंय. आता दुखत नाही. कॅपला महिना-दोन महिने थांबलं तर?

उत्तर १: थांबू नका. आतून पोखरल्यामुळे दाढेच्या भिंती पातळ उरतात. चकलीचा एक कडक तुकडा आणि दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढावीच लागते. शिवाय दाढेत वरून भरलेलं तात्पुरतं सिमेंट झिजलं की कडेनं लाळ झिरपते, जंतू परत आत. 2-3 आठवड्यांत बसवून घ्या. तोवर दुसऱ्या बाजूनं चावू द्या.

उत्तर २: मागची दाढ दिसत नाही, तिथे धातूची कॅपही उत्तम, ती बसवायला दात कमी कोरावा लागतो. बसवल्यावर चावताना उंच लागली तर लगेच सांगा, सवय होईल म्हणून सोडू नका.

उत्तर ३: कॅपला कीड लागत नाही, तिच्या कडेखाली लागते. ब्रश हिरडीकडे 45 अंश तिरका धरायचा.