प्रतिसाद: मधुमेहाचे मूळ तिशीनंतरच्या खाण्यात?

मधुमेहाचे मूळ तिशीनंतरच्या खाण्यात आणि बैठ्या कामात आहे, असे एका वाचकाने म्हटले आहे. या दोन्हींचा मधुमेहाशी संबंध आहे, हे मान्य; पण मूळ केवळ तिथेच आहे, हे पटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो, मात्र आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला किडकिडीत, पण चरबीच्या प्रमाणात तसे नसलेले शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो, आणि मधुमेहाचा धोका तिथूनच सुरू होतो, असे मला वाटते.

माझा धाकटा भाऊ 1972 च्या दुष्काळात आईच्या पोटात होता, आणि आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. एकोणिसाव्या वर्षी तो पिंपरीला कारखान्यात लागला. शेतातले चालणे सुटले, रात्रपाळी आणि कॅन्टीनचे वडापाव सुरू झाले. तेहतिसाव्या वर्षी साखर निघाली, तेव्हा त्याचे हातपाय काडीसारखेच होते, फक्त पोट सुटले होते. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. तरीही गाव सोडून पहिल्या नोकरीला निघालेल्या प्रत्येक मुलाची साखर आणि कमरेचा घेर त्याच वेळी तपासला जावा, असे मला मनापासून वाटते.