परदेशातल्या उत्खननात नवख्या विद्यार्थ्याला खरंच खणू देतात का?

खापर_वेडी:
मी पुरातत्त्वाच्या एमएच्या पहिल्या वर्षाला आहे, उन्हाळ्यात बाहेरच्या देशात फील्ड स्कूल (फी भरून प्रत्यक्ष उत्खननात शिकायचं शिबिर) करायचं मनात आहे. थर, सेक्शन (खड्ड्याच्या उभ्या भिंतीत दिसणारे थर), हॅरिस मॅट्रिक्स (कुठला थर आधीचा, कुठला नंतरचा हे दाखवणारा तक्ता) सगळं वर्गात झालंय पण प्रत्यक्ष खड्ड्यात कधी उतरले नाहीये. फी बरीच असते, मग तिथे जाऊन नुसत्या बादल्याच वाहायच्या असतील तर काय उपयोग? कोणी गेलं असेल तर सांगा ना.

मातीचा_थर:
मी इंग्लंडमध्ये विंडोलांडाला दोन आठवडे होतो. हेड्रियनच्या भिंतीजवळचा रोमन किल्ला, १९७३ मध्ये शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या सापडल्या तोच. पहिल्याच दिवशी हातात ट्रॉवेल दिली, म्हणजे गवंड्याची थापी असते ना तशीच, छोटी आणि टोकदार. बादल्या आणि ढकलगाडी आहेच, ते चुकत नाही. पण खालच्या थरांत हवा पोचत नाही त्यामुळे लाकूड, चामडं कुजत नाही, आणि तो काळा चिखल हाताने फोडत असताना मला चपलेचा तळ मिळाला, शिवणीची भोकं अगदी स्पष्ट दिसत होती. लगेच ओला ठेवून पिशवीत घालायला सांगितलं कारण सुकला की आक्रसतो आणि चिरा पडतात. पाऊस मात्र जवळजवळ रोज, रेनकोटची पँटसुद्धा घेऊन जा.

दुपारची_सावली:
मी २०१४ च्या मोसमात इस्रायलमध्ये मेगिद्दोला होते. तिथे एकावर एक वसलेल्या वीसहून जास्त वस्त्यांचे थर आहेत. पहाटे पाचला काम सुरू, डोक्यावर काळी जाळी, ऊन चढलं की दुपारी बंद, मग बसून खापरं घासायची. मला आधी ते कंटाळवाणं वाटायचं पण संध्याकाळी तज्ज्ञ भांड्याच्या काठाचा एकेक तुकडा उचलून त्याचा काळ सांगायचे, आपण सकाळी काढलेलाच तुकडा असायचा तो, आणि तिसऱ्या आठवड्यात काठाचा आकार बघून मला आपोआप अंदाज यायला लागला. हे वर्गात बसून येत नाही गं.

सेक्शनवाला:
दोघांचं बरोबर आहे, पण सगळीकडे असं नसतं. मी ज्या साइटवर गेलो होतो (नाव नको) तिथे आम्हाला महिनाभर राडारोडा उचलायला लावला, कॉन्टेक्स्ट शीट (प्रत्येक थराची नोंद करायचा फॉर्म) भरायला एकदाही दिली नाही, फी पूर्ण घेतली आणि सर्टिफिकेट दिलं. म्हणून अर्ज करायच्या आधी मेल करून स्पष्ट विचार की नोंदी कोण करतं, १:२० प्रमाणाचा प्लॅन (वरून दिसणारा नकाशा) आणि १:१० चं सेक्शनचं चित्र विद्यार्थ्यांना काढू देतात का, किती विद्यार्थ्यांमागे एक सुपरवायझर. उत्तर गोलमोल आलं तर सोडून दे. खणणं चार दिवसांत येतं, पण थर कुठे बदलला ते ओळखून लिहिता येणं हेच खरं शिकणं आहे, एकदा उपसलेला थर परत घालता येत नाही.

खापर_वेडी:
खूप थँक्स सगळ्यांना! मेल आजच टाकते. सापडलेल्या वस्तूचा फोटो काढून सोशल मीडियावर टाकता येतो का?

मातीचा_थर:
परवानगीशिवाय अजिबात नको, बहुतेक ठिकाणी मोसम संपेपर्यंत बंदीच असते. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा, गुडघ्याखाली ठेवायला जाड पॅडही.