प्रति: एवढा कर घेऊन रस्त्यांवर खर्च का नाही?

वर तुम्ही विचारलंय, अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातली फेअरफॅक्स काउंटी (म्हणजे जिल्ह्यासारखं स्थानिक सरकार) घरांवर एवढा कर घेते, मग बजेटमध्ये रस्त्यांचा आकडा इतका किरकोळ कसा? अहो, व्हर्जिनियात १९३२च्या बर्ड कायद्यापासून काउंट्यांचे बहुतेक रस्ते राज्याकडे आहेत. आर्लिंग्टन आणि हेन्रायको एवढ्या दोनच काउंट्या आपले रस्ते स्वतः सांभाळतात.

फेअरफॅक्सच्या जनरल फंडातला (काउंटीच्या मुख्य तिजोरीतला) निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो. स्कूल बोर्डाला कर लावायचा अधिकारच नाही, त्यामुळे दरवर्षी काउंटीच्या मंडळापुढे हात पसरणं आलं (आणि मग ती रंगलेली खडाजंगी!). पोलीस, अग्निशमन, ग्रंथालयं उरलेल्यात भागवायची.

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीशी तुलना मात्र नको. तिथे काउंटी रुग्णालयं चालवते आणि शाळांचे डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्था, काउंटीपासून वेगळे. घरावरच्या करातला या डिस्ट्रिक्टांचा वाटा परस्पर त्यांच्याकडे जातो.