मदत हवी आहे : चारी मधेच खचली, दोष बोअरचा की काळ्या मातीचा?

राम राम मंडळी. मी निफाड तालुक्यातला. पालखेड डाव्या कालव्याच्या एका चारीवर (शेतांपर्यंत पाणी आणणारा छोटा फाटा), पार टेलला म्हणजे शेवटच्या टोकाला अडीच एकर द्राक्षबाग आहे. खरड छाटणी उरकली आणि ऐन गरजेच्या आवर्तनात (कालव्याला पाणी सोडायच्या पाळीत) पाणी करंगळीएवढं आलं. चारीच्या कडेने वर चालत गेलो, तर चाळीसेक फूट तळ खाली बसलेला. पाणी तिथे बशीसारखं साचून काठाला टेकतंय. अस्तरीकरणाला एवढी भेग, की विळा मुठीपर्यंत आत गेला.

त्यात भाच्याने कॅलिफोर्नियाचा व्हिडिओ गावभर फिरवला. तिथे भूजल उपसून मेंडोटाजवळ १९२५ ते १९७७ मध्ये जमीन जवळपास ९ मीटर बसली, फ्रायंट-कर्न कालवा मधेच खचून त्या टप्प्यात निम्म्याहून कमी पाणी वाहू लागलं. झालं! पाणी वापर संस्थेच्या बैठकीत सगळ्यांचं बोट माझ्या बोअरकडे. आहे ४५० फूट, खोटं कशाला बोलू. पण बोट दाखवणाऱ्यांचे तीन-तीन आहेत.

माझी विहीर खणताना पाच फूट काळी, मग मुरूम आणि खाली सुरुंगाशिवाय न फुटणारा पाषाण लागला होता. असा दगड उपशाने दबतो का? अर्जात कारण काय लिहू?

उत्तर :
दादा, तिकडे वाळूच्या थरांमध्ये चिकणमातीचे जाड थर आहेत. पाण्याचा दाब गेला की ते दबतात, नंतर पाणी भरलं तरी पूर्ववत होत नाहीत. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी फटींत असतं. उपशाने बोअर आटेल, दगड बसणार नाही. शिवाय तसं खचणं मैलोन्‌मैल पसरतं, चाळीस फुटांत नाही. बोअरच्या तोंडाशी बसवलेला केसिंग पाइप बघा, जमीन बसली असेल तर तो वर आल्यासारखा दिसतो. मला संशय काळ्या मातीचा : भिजली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून अस्तराखाली मुरमाचा चांगला थर लागतो. खेकड्यांची बिळंही तपासा. अर्जात कारण लिहूच नका, चारीच्या तळाची लेव्हल (उंची-उतार) मोजून द्या एवढंच मागा.

पुन्हा मी :
केसिंग बसवताना वीतभर वर होता, आजही वीतभरच. भेगेपाशी पहारीने उकरलं, मुरूम जेमतेम दोन बोटं, खाली काळीच काळी. अर्ज दिलाय, पण पुढचं आवर्तन तोंडावर आहे. शेततळ्याचा उरलेला प्लास्टिकचा कागद त्या चाळीस फुटांत अंथरला, तर एवढी पाळी निघेल का? कोणी करून पाहिलंय?