कोकणात जुन्या गाड्यांसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल हवंच

गॅरेजवाला गुहागर:
शिमग्याला आलेला चाकरमानी बाईक पडवीत लावून मुंबई गाठतो आणि ती काढतो थेट गणपतीत. मग किक मारून मारून दमला की गाडी माझ्याकडे. कार्ब्युरेटर खोलला की पितळी जेटला हिरवा कळंक. टाकीतलं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, काचेच्या बाटलीत काढलं की दोन थर स्वच्छ दिसतात, वर पेट्रोल आणि खाली पाणी घेऊन बसलेलं इथेनॉल. इंजिनात आधी तळातलंच जातं. रोज पळणाऱ्या गाडीचं ठीक आहे, पण इथे एक तरी नोझल साध्या पेट्रोलचा द्या.

निवृत्त रिफायनरीवाला:
साधं पेट्रोल असं काही जमिनीतून येत नाही. क्रूड तापवून मनोऱ्यात वेगळं केलं की मिळणारा नाफ्था, म्हणजे हलकं तेल, जसाच्या तसा घातलात तर इंजिन ठोके मारेल. तो रिफॉर्मरमध्ये प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून नेतात, जड तेल क्रॅकरमध्ये तोडतात आणि हे सगळे घटक मापात मिसळतात. रिफॉर्मरमधून निघालेल्या रिफॉर्मेटने ऑक्टेन, म्हणजे ठोके न मारता जळायची ताकद, वाढतो, पण सोबत बेंझीन हे विषारी रसायन येतं. त्याला १ टक्क्याची मर्यादा आहे. इथेनॉल बेंझीनशिवाय ऑक्टेन देतं. शिवाय ई२० हे ई१० पेक्षा जास्त पाणी पचवतं. नुसत्या दमट हवेने थर पडत नाहीत, टाकीच्या झाकणातून पाणी आत जातंय. रबर बदला.

गॅरेजवाला गुहागर:
झाकण गळतं, मान्य. पण साध्या पेट्रोलात तेच पाणी तळाला बसतं, काढून टाकलं की पेट्रोल शाबूत. इथे इथेनॉल पाण्याबरोबर खाली जातं आणि वरच्याचा ऑक्टेनही पडतो. अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. ते पैसे गिऱ्हाईकाचे जातात.

देवगडकरीण:
मायलेजचं काय? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या दुचाकींना ३-४ टक्के आणि चारचाकींना ६-७ टक्के घट धरली आहे. दर मात्र तोच. ऊस घाटावर पिकणार आणि भुर्दंड आम्ही सोसणार?

निवृत्त रिफायनरीवाला:
दराचं तुमचं म्हणणं रास्त आहे, कमी व्हायलाच हवा. पण देशाला लागणाऱ्या क्रूडपैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, हेही धरा. आणि इथेनॉल डेपोत मिसळतात म्हणून आधीचं पेट्रोल तसंच विका, असं जमत नाही. इथेनॉल धरून जुळवलेल्या पेट्रोलात तेवढा ऑक्टेन कमीच असतो.

गॅरेजवाला गुहागर:
मग ऑक्टेन पुरा करून पाठवा. प्रीमियमसाठी पंपावर वेगळी टाकी ठेवता येते, तशी ह्यासाठीही ठेवा. चार पैसे जास्त घ्या, लोक देतील.