क्लिंक, क्लँक, क्लँग आणि आपल्याकडे नुसताच 'आवाज झाला'?

खर्डेवाली:
एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. एकाच परिच्छेदात पहारेकऱ्याच्या चाव्या जिंगल होतात, साखळी क्लँक होते, लोखंडी फाटक क्लँग होतं आणि आत कुठेतरी काच टिंकल होते. माझ्या पहिल्या खर्ड्यात चारही ठिकाणी 'आवाज झाला' आलं. लाज वाटली.

तर माझं म्हणणं असं, भांडायचं असेल त्यांनी भांडावं: धातू-काचेच्या आवाजांसाठी इंग्रजी क्रियापदं आपल्यापेक्षा काटेकोर आहेत. पेल्याला पेला, नाण्याला नाणं लागलं की क्लिंक. क्लँक जड लोखंडाचा, पण न घुमणारा. क्लँगही जड, पण घुमणारा. फरक शब्दाच्या शेपटीत आहे. शेवटी 'क' आला की आवाज तिथेच तुटतो, नाकातल्या 'ङ'वर संपला की गुंजत राहतो. मधे 'इ' असला तर वस्तू हलकी, 'अ‍ॅ' असला तर वजनदार. बऱ्याच कडक वस्तू एकमेकींवर आपटत राहिल्या की क्लॅटर. आपण मात्र खणखण म्हणून मोकळे!

इतवारीवाला:
काहून बाप्पा, मराठीले गरीब करून राहिले? एकदा नागपूरले इतवारीत भांडे ओळीत या. गिऱ्हाईक पितळेचा गुंड उचलते अन् बोटाच्या पेरानं वाजवते. खण्ण वाजला त घेते, बद्द वाजला त ठेवून देते. भंडाऱ्याचा माल असो का कुठचा, परीक्षा हेच. आता सांगा, या 'बद्द'ले इंग्रजीत कोनतं क्रियापद आहे?

खर्डेवाली:
क्लंक?

कासे_आणि_कथील:
नाही. दोन जड वस्तू बोथटपणे भिडल्या की क्लंक. गाडीच्या खालून येतो तो. धड वस्तूही क्लंक वाजते. बद्द हे निदान आहे. चीर पडली की तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि कंप तिथेच मरतो. उलट काशाची थाळी बघा. साधारण ७८ टक्के तांबं, २२ टक्के कथील. हा मिश्रधातू कंप स्वतःत फारसा जिरवत नाही, म्हणून थाळी हातात धरली तरी गुंजते. मोठ्या घंटाही याच प्रमाणाच्या आसपास ओततात. मात्र खर्डेवाली यांचं 'क' आणि 'ङ'चं निरीक्षण मला पटलं. आपल्या खण्ण आणि खट्टमध्येही तेच आहे.

नळावरचा_वैयाकरण:
मुळात तुम्ही चुकीच्या कपाटात शोधताय. फाटक क्लँग होऊन बंद होतं तेव्हा इंग्रजी आवाजाला क्रियापद करते आणि 'बंद'ला मागे चिमुकल्या शब्दात ढकलते. मराठीचं उलटं: फाटक खणकन बंद झालं. आवाज क्रियाविशेषणात, घडलेली गोष्ट क्रियापदात. आणि आपलं यंत्र बघा: खणकन म्हणजे एकदा, खणखण म्हणजे पुन्हा पुन्हा, खणाखण म्हणजे झटपट, जोरात, तलवारीसारखं. क्लिंक एकदा झाला की दहादा, हे त्या शब्दावरून कळत नाही.

शिवाय क्रियापदंही आहेत की! खुळखुळणे, किणकिणणे, खणखणणे, झणझणणे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा, १८३१चा किंवा १८५७ची दुसरी आवृत्ती. साहेबाने आपले हे शब्द पानोपानी टिपलेत.

अकरावी_ब:
कोशात आहेत, तोंडात नाहीत, हे दुखणं आहे. मी कॉलेजात शिकवतो. वर्गात विचारलं, खिशात सुटे पैसे असले की काय होतं? उत्तर आलं, "सर, फोनपे आहे." खुळखुळायला नाणी हवीत ना. आणि अजून एक. इंग्रज 'पेले क्लिंक केले' एका दमात म्हणतो. आपण 'पेले भिडवले' म्हणतो, म्हणजे कृती आली, आवाज गेला. 'किणकिणवले' म्हणून बघा, हसू येईल. या बाबतीत मी खर्डेवाली यांच्या बाजूने.

इतवारीवाला:
सर, आमच्या सीताबर्डीवर कटिंगचे ग्लास कोन भिडवते? चहा सांडून जाईल नं. जे आपन करतच नाई त्याले शब्द कुठून आनाव?

नळावरचा_वैयाकरण:
'खुळखुळवणे' चालतंच की. खुळखुळा खुळखुळवला, कोणाला हसू येत नाही. प्रश्न कानाच्या सवयीचा आहे.

अकरावी_ब:
खुळखुळा एकच. पेल्यांचं बोला.

खर्डेवाली:
बरं, नवा खर्डा: 'चाव्या खुळखुळल्या, साखळी खळखळली, फाटक खण्णकन लागलं, आत कुठेतरी काच किणकिणली.' तीन जागा जमल्यासारख्या वाटतात. साखळीवर अडलेय. खळखळ म्हटलं की डोळ्यांसमोर नागनदी नाही, पण कुठली तरी नदी येते. क्लँकमधलं ते कोरडं, जड तुटणं येत नाही.

इतवारीवाला:
खडखडली म्हना.

खर्डेवाली:
ती बैलगाडी झाली! आणि 'घरात खडखडाट' म्हटलं की डबे रिकामे. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला एक क्लँक द्या, मग मी हरले.

कासे_आणि_कथील:
क्लँक माझ्याकडे नाही. पण मला दुसराच आवाज छळतो. स्टीलचं ताट हातातून सुटतं, काठावर गरगरतं, आवाज जलद होत जातो, जलद, आणि एकदम थांबतो. त्याला ना इंग्रजीत नेमकं क्रियापद, ना मराठीत.

इतवारीवाला:
आहे नं. दुपारी दोन वाजता पाडून पाहा. आतून आवाज येते, "कोन हाये बे!"